अडीच बोटांचा गणपती

देवास, वैशाख वद्य पंचमी, शके १८७४

तीर्थस्वरूप तात्यामामा यांच्या चरणी भाचा नीलकंठ (वय सत्तेचाळीस, गुडघे साठीचे) याचा साष्टांग नमस्कार.

आधी मी स्वतःच्या हातांनी काय काय केले ते लिहितो आणि मग आपल्या प्रकृतीची विचारपूस करतो. क्रम उलटा आहे हे मला कळते, पण गेले आठ दिवस ही यादी पोटात घेऊन हिंडतो आहे आणि इथे कोणी ती पुरी ऐकून घेत नाही. तर, खारीच्या शेपटीच्या केसांचे तीन कुंचले, पैकी एक फक्त एका केसाचा. तिळाच्या तेलाच्या दिव्याचे काजळ, डिंकाच्या पाण्यात खलून खलून बोटांना गाठी येईपर्यंत. हिंगुळाचा लाल, धुऊन धुऊन त्यातला पिवळेपणा घालवलेला. शंख उगाळून पांढरा. चार कागद खळीने एकावर एक चिकटवून वर गारगोटीने घोटलेला तक्ता, इतका गुळगुळीत की त्यावरून माशी घसरली (मी पाहिली, यमुना म्हणते की उडाली). तळहाताएवढी चित्रे अकरा, पैकी मला पसंत पडलेली दोन. आणि सर्वांवर कळस म्हणजे, आपल्या या देवासच्या घराच्या दर्शनी दाराच्या उजव्या अंगाला, सफेदी केलेल्या भिंतीवर, एक गणपती. उंदीर, हत्ती, घोडेस्वार, छडीदार, पालखी आणि वाजंत्री यांच्यासह. गणपतीची उंची अडीच बोटे. अडीच हात नव्हे, अडीच बोटे. लिहिताना चुकलेलो नाही.

आता, आपला दमा कसा आहे? साताऱ्याची हवा मानवते का? मामींच्या दातांचे काय झाले? चि. विनोदिनीच्या लग्नाला आपण दोघे येऊ शकला नाहीत याची रुखरुख सगळ्यांना लागली. तरी आपल्याच घराच्या अंगणात मांडव पडला (आम्ही इथे नऊ वर्षे आपल्या कृपेने राहतो आहोत, हे यमुना मला रोज आणि मी तिला सणासुदीला सांगतो), म्हणजे आपण होतातच असे समजून अक्षता टाकल्या. लग्न उत्तम झाले. ते जवळजवळ झाले नव्हते, तो मजकूर पुढे आहे.

माझी फिरती आपल्याला ठाऊक आहे. संस्थाने विलीन झाली, पण संस्थानांची घड्याळे कोणात विलीन व्हायची हे कोणी ठरवले नाही. धारच्या सरदारांकडची आणि देवासच्या थोरल्या-धाकट्या दोन्ही पात्यांच्या मानकऱ्यांकडची भिंतीवरची घड्याळे अजून मीच चालती ठेवतो. महिन्यातून दोनदा धार, मध्ये इंदूरला मोटार बदलायची, खांद्याला हत्यारांची पिशवी. हे काम मला कोणी शिकवले नाही. अकराव्या वर्षी वडिलांचे घड्याळ उघडले, ते पुन्हा जोडायला चौदावे उजाडले, आणि जोडले त्या दिवसापासून मी घड्याळजी आहे. चित्रकलाही मी अशीच स्वतःची स्वतः शिकलो. त्या वेळी दोन माणसे शेजारी बसून ओरडत असत, एवढेच.

पहिले रघुजी चितारी, धारचे. दसऱ्यानंतरच्या फेरीत धारहून निघायच्या मोटारीचा आस तुटला. ड्रायव्हर म्हणाला, "भिया, साँझ तक समझो," आणि कडुनिंबाखाली झोपला. मी उन्हातून उठून समोरच्या ओट्यावर टेकलो. तिथे गुडघ्यावर पाटी घेऊन एक म्हातारे गृहस्थ चित्र काढीत होते. यांचे पणजोबा पवारांच्या लष्कराबरोबर इकडे आले, हे ते स्वतःचे नाव सांगण्याआधी सांगतात, आणि आजोबांनी दरबारच्या पोथ्यांत चित्रे काढली, हे नाव सांगितल्यावर. आता राजे राहिले नाहीत, पोथ्या कोणी लिहून घेत नाही, म्हणून ते हौशी लोकांना तळहाताएवढ्या तसबिरी काढून देतात आणि उरलेला वेळ जगावर रागावतात. मी वाकून पाहिले आणि सवयीने डोळ्याला भिंग लावले. चित्रातल्या बाईच्या कानात मोती होता, मोत्यावर उजेडाचा ठिपका होता. मी म्हणालो, "ठिपका डावीकडे पाहिजे. खिडकी डावीकडे काढलीत." रघुजींनी तोवर माझ्याकडे पाहिलेही नव्हते. आता म्हणाले, "भिंग आणा इकडे." भिंगातून त्यांनी आपलेच चित्र न्याहाळले, नाकातून हं केले, ठिपका खरवडला, डावीकडे दिला, आणि भिंग परत केले नाही.

त्या दिवशी नाही आणि पुढच्या फेरीलाही नाही. मागितले की म्हणत, "बसा, देतो." बसल्यावर रिकामे बसू देत नसत. अशा रीतीने, भिंग वसूल करण्यासाठी म्हणून मी रेघा ओढायला लागलो. पहिले दोन महिने नुसत्या रेघा. रेघ श्वास धरून ओढायची. कुंचल्याचे टोक ओठाला लावून ओले करायचे, थुंकी नको, नुसता ओलावा. माझी पहिली सरळ रेघ बघून मी स्वतः खूश झालो (ती खरोखर फूटपट्टीने ओढल्यासारखी होती), तर रघुजी म्हणाले, "नीलकंठराव, तुमचा हात हलत नाही. तोच दोष आहे. ही बाईची पाठ आहे, काय लंबक आहे?"

कुंचला स्वतः बांधल्याशिवाय पुढचे दाखवणार नाही, असा त्यांचा नियम. म्हणजे खार पकडणे आले. मी एका दुरुस्तीच्या मोठ्या घड्याळाची रिकामी पेटी त्यांच्या अंगणात उभी केली, आत शेंगदाणे ठेवले, दाराला दोरी बांधली. खार आली. दोरी ओढली. माझी योजना अशी की दार एक इंचभर उघडून शेपटीचे टोक तेवढे कातरावे आणि खारीला सोडावे. खारीची योजना निराळी होती. ती माझ्या बाहीत शिरली, पाठीवरून उतरली, धोतराच्या निऱ्यांत थांबली आणि तिथे तिने काही काळ मुक्काम केला. गल्लीतल्या बायका खिडक्यांत आल्या. रघुजी ओट्यावरून शांतपणे सांगत होते, "हलू नका, केस मोडतील." शेवटी कात्री चालली, सात केस मिळाले आणि खार धडधाकट गेली. (माझ्या निऱ्यांना तीन भोके पडली. यमुनेने ती रफू करताना मला कारण विचारले नाही. तिने विचारणे सोडूनच दिले आहे.)

दुसरे नानूराम चितेरा, आपल्या देवासचेच, माताजीच्या टेकडीच्या पायथ्याशी राहणारे. इकडच्या लग्नांत दारावर गणपती, हत्ती, घोडे, चोपदार काढायचे ते हेच. आपल्या वेळी यांचे वडील काढीत असत. लग्नसराई नसली की तेही तळहाताएवढी चित्रे काढतात, आणि त्यांच्या हत्तीला पृथ्वीवर जोड नाही. पाठीची एकच रेघ मारतात आणि हत्ती चालू लागतो. मी त्यांच्याकडे गेलो कारण रघुजींचे हत्ती (हे पत्र धारला कोणाला दाखवू नये) म्हशीसारखे दिसतात. नानूरामांनी माझी रेघ पाहिली आणि म्हणाले, "भिया, आंख तो थारी घणी तेज हे, पण हाथ घणो डरपोक हे." तिथेही मी बसलो. त्यांच्याकडे कुंचल्याचे टोक डाव्या अंगठ्याच्या नखावर ओले करायची पद्धत. कुंचला तोंडाला लावणे म्हणजे त्यांच्या मते रंगाला उष्टे करणे.

या दोघांचे फार वर्षांचे वाकडे आहे. कन्नौदकडच्या कोणा मोठ्या माणसाच्या लग्नात दोघांना एकाच भिंतीवर बोलावले होते. डावी अर्धी रघुजींनी काढायची, उजवी अर्धी नानूरामांनी. गणपती बरोबर मध्ये येत होता. पुढचे काय लिहू? त्या गणपतीचे दोन कान अजून एकमेकांशी बोलत नाहीत. तेव्हापासून एकाच्या हाताखाली कुंचला धरलेल्या माणसाला दुसऱ्याच्या ओट्यावर जागा नाही. म्हणून धारला मी देवासचे नाव काढीत नसे आणि देवासला धारचे. एका बाबतीत मात्र दोघांचे मत एक होते, की डोळा शेवटी काढायचा. डोळा उघडला की चित्र बघायला लागते, मग त्याच्यासमोर चुकायची लाज वाटते. हे वाक्य दोघांनी मला जवळजवळ त्याच शब्दांत सांगितले. मी ते ऐकले, आणि घड्याळजी या नात्याने मला ते पटले नाही. घड्याळ जोडताना मी सर्वांत बारीक स्क्रू आधी शोधतो. तो हाताला लागला की बाकीचे आपोआप लागते.

आता लग्नाचे. मुलगा धारचा, मास्तर आहे, गुणी आहे. त्याचे वडील गोपाळराव, धार दरबारच्या महसुलातून निवृत्त झालेले, पगडी अजून दरबारी, डाव्या अंगाला खळी पडलेली. त्यांनी बैठकीत स्पष्ट सांगितले: हुंडा नको, मानपान नको, करणी नको, दारावर हाताने काढलेला गणपती पाहिजे. मोठ्या मुलाच्या लग्नात मुलीकडच्यांनी दाराला छापील तसबीर टांगली होती. त्या सुनेचे आणि घराचे पुढे पटले नाही, आणि गोपाळरावांनी सगळा दोष त्या तसबिरीला दिला आहे. "हा मुलगा गणपतीला नमस्कार केल्याशिवाय उंबरा ओलांडणार नाही. आणि गणपती नसेल तर आम्ही आल्या पावली धारला. मला उगीच बोलायची सवय नाही." यमुना आतून म्हणाली, "आमच्याकडे गणपतीला काय तोटा? घरातले माणूस वर्षभर तेच करते आहे." (हे कौतुक नव्हते.)

काम अर्थात नानूरामांना सांगितले. त्यांनी आठ दिवस आधी भिंत खरवडली, चुन्याचे दोन हात दिले. लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी ते रंगांची गाडगी घेऊन हजर झाले. मी म्हणालो, एखादे फूल तरी माझ्याकडून काढून घ्या, मुलीचे लग्न आहे. ते खुशीत होते. मोठा कुंचला त्यांनी माझ्या हातात दिला. आणि मी, तात्यामामा, काही एक विचार न करता, कुंचल्याचे टोक ओठाला लावले.

नानूराम हळूच म्हणाले, "यो कणे सिखायो?" कोणी शिकवले हे मी सांगायच्या आत त्यांना कळले होते. माळव्यात कुंचला ओठाला लावणारे घराणे एकच. मी म्हणालो, मला कोणी शिकवले नाही, मी स्वतः शिकलो. हे मी खरे समजून बोललो, पण त्या वेळी ते चालले नाही. त्यांनी कुंचला माझ्या हातातून काढून घेतला, धुतला, गाडग्यांवर फडकी बांधली. "तो भिया, धारवाला ने बुलाई लो. म्हारो हाथ इण भींत पे नी चलेगो." मी मागे धावलो, पाया पडलो, यमुना ताट घेऊन धावली. ते गेले. लग्नसराईचा दिवस, गावात दुसरा चितेरा मोकळा नाही, रघुजी धारला, वऱ्हाड दुसऱ्या दिवशी गोरज मुहूर्ताला दारात, आणि दाराशेजारी दहा हात लांब पांढरीफेक भिंत. विनोदिनी हळदीच्या अंगाने बाहेर आली, भिंतीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही काढा ना." तिच्या आवाजात रडू होते, पण शंका नव्हती. सत्तेचाळीस वर्षांत माझ्यावर असा भरवसा एका घड्याळानेही ठेवलेला नाही.

मी माझ्या पेटीतला एका केसाचा कुंचला काढला, भिंग डोळ्याला लावले (तोवर ते मला परत मिळाले होते, रघुजींनी स्वतःसाठी दुसरे माझ्याचकडून घेतले) आणि सर्वांत बारीक गोष्टीपासून सुरुवात केली. उंदराचा डोळा. तो इतका उत्तम साधला म्हणून सांगू! काळा ठिपका, त्यात पांढरा ठिपका, आणि त्या पांढऱ्यात मोदकाची हाव. अर्ध्या तिळाएवढा. मग डोळ्याच्या मानाने उंदीर. उंदराच्या मानाने पाट. पाटाच्या मानाने पाऊल, पावलाच्या मानाने मांडी, सोंड, मुकुट. प्रमाणात मी तसूभर चुकलो नाही, आणि तिथेच घात झाला. दुपारी भिंग काढून दोन पावले मागे झालो, तर भिंत पुन्हा पांढरी होती.

मोठा गणपती काढायला आता मोठा कुंचला नव्हता, गाडगी नव्हती, आणि अर्धवट एक गणपती सोडून शेजारी दुसरा काढणे हे मला शास्त्राला धरून वाटले नाही. म्हणून मी आहे त्याच मापात मिरवणूक पुरी करायला घेतली, संध्याकाळपर्यंत आणि मग लग्नाच्या दिवशी सकाळपासून. नानूरामांचा हत्ती, एका रेघेत. रघुजींची वस्त्रे, चुणीसकट. सगळा थाट एका वितीत बसला. मध्ये यमुना ओले फडके घेऊन आली, "भिंतीला माशांनी घाण केली आहे," म्हणत तिने हात उगारला, आणि मी असा ओरडलो की मांडवातले आचारी बाहेर आले. तिने वाकून पाहिले. मी भिंग दिले. तिने फडके खांद्यावर टाकले. मग म्हणाली, "अहो, हे सुरेख आहे हो. पण लग्नाला माणसे येणार आहेत, मुंग्या नाहीत."

वऱ्हाड आले. ताशे, सनई, मुलगा घोड्यावर, पुढे गोपाळराव, मागे वरमाई दुर्गाबाई शालूत, आणि वऱ्हाडाच्या मोटारीत गोपाळरावांचे शेजारी म्हणून आलेले खुद्द रघुजी. रस्त्याच्या पलीकडे, पिंपळाच्या पारावर, नानूराम हाताची घडी घालून बसलेले; माझी फजिती बघायला सकाळपासून आले होते असे नंतर कळले. गोपाळराव दाराशी थांबले. भिंतीकडे पाहिले. डावीकडे पाहिले. पगडी सारखी केली. "गणपती?"

मी म्हणालो, "समोर आहे."

"नीलकंठराव, हे पांढरे आहे."

वरमाई म्हणाल्या, "अगंबाई, भिंत कोरीच ठेवली! हा प्रकार तर छापील तसबिरीपेक्षाही पुढे गेला." वऱ्हाडात कुजबुज झाली. ताशे थांबले. कोणीतरी घोड्याचे तोंड फिरवले. भटजी आतून मुहूर्त ओरडत होते. विनोदिनी खोलीच्या दाराआड उभी होती, हातातला हार तेवढा मला दिसत होता. माझे सबंध आयुष्य त्या एका वितीत होते आणि ते कोणाला दिसत नव्हते. मी पुढे झालो. डोळ्याचे भिंग काढले, धोतराच्या सोग्याने पुसले, गोपाळरावांच्या डोळ्याला लावले, त्यांची मान दोन्ही हातांनी धरली (व्याह्याची मान धरणे ही रीत नव्हे, ठाऊक आहे) आणि भिंतीपासून चार बोटांवर नेऊन सोडली. गॅसबत्ती जवळ धरायला लावली.

गोपाळराव पहिल्यांदा म्हणाले, "काही दिसत..." आणि आणखी वाकले. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. "उंदीर आहे," म्हणाले. थोड्या वेळाने, "अरे, हा बघतो आहे माझ्याकडे." मग गणपतीला त्यांनी तिथूनच, वाकलेल्या स्थितीत, दोन्ही हात जोडले. मग मिरवणुकीत शिरले. हत्ती, छडीदार, वाजंत्री, आणि सर्वांच्या पुढे पांढऱ्या घोड्यावर एक गृहस्थ, दरबारी पगडी, पगडीला डावीकडे ती त्यांचीच खळी, हनुवटीवर तीळ. तीळ काढायला मी एका केसाच्या कुंचल्याचा अर्धाच केस टेकवला होता. गोपाळराव ताठ उभे राहिले. त्यांचे डोळे ओले होते, एक भिंगाने आणि दुसरा भिंगाशिवायच. त्यांनी वऱ्हाडाकडे तोंड केले आणि म्हणाले, "मी आहे! मी पुढे आहे!"

झाले. घोडा फिरला, पण आमच्याकडे. जो तो "बघू, बघू" करीत भिंगाला रांगेने लागला. मुलीकडचे, मुलाकडचे, ताशेवाले, भटजीसुद्धा (मुहूर्त हातात धरून). मुलाने नमस्कार केला, पण तो उंबरा ओलांडीना, कारण त्याला पुन्हा बघायचे होते. आणि इतक्यात वरमाई रुसल्या. त्यांनी सबंध मिरवणूक शोधली, पालखीत डोकावल्या, हत्तीच्या मागे पाहिले, त्या कुठेच नव्हत्या. "यांना घोड्यावर बसवलंत आणि मी काय चालत येऊ धारहून?" वरमाईचा रुसवा काढायला साड्या लागतात, दागिने लागतात, असे ऐकले होते. मी कुंचला नखावर ओला केला, टोक ओठाने सारखे केले (दोन्ही घराणी एकदम, त्या वेळी भान नव्हते), श्वास धरला, आणि सर्वांसमक्ष पालखीत त्यांना बसवले. शालू, नथ, आणि चेहऱ्यावर जरा रुसवा, तो हुबेहूब आला. दुर्गाबाईंनी भिंगातून पाहिले आणि लाजल्या. "नथ जरा मोठी काढलीत," म्हणाल्या, आणि उंबरा ओलांडून सगळ्यांच्या आधी आत गेल्या.

मग गर्दीतून रघुजी पुढे आले. त्यांनी स्वतःचे भिंग काढले. वस्त्रांच्या चुण्यांवरून बोट फिरवल्यासारखे केले, न टेकवता, आणि मोठ्याने म्हणाले, "हा हात माझ्याकडचा आहे." पाठीमागून आवाज आला, "ने यो हाथी?" पारावरचे नानूराम रस्ता ओलांडून आले होते. "यो हाथी थारा बाप ने मांड्यो कंई? यो म्हारो चेलो हे!" रघुजी म्हणाले, "रेघ माझी." नानूराम म्हणाले, "चाल म्हारी." दोघे माझा एक एक हात धरून उभे. गोपाळरावांनी कौतुकाने विचारले, "नीलकंठराव, नक्की कोणाचे शिष्य तुम्ही?" तात्यामामा, आपण मला लहानपणापासून ओळखता. या प्रश्नाचे एकच उत्तर मी जन्मभर देत आलो आहे, ते जिभेवर आले होते. मी ते गिळले आणि दोघांच्या पायांवर डोके ठेवले. कोणाच्या आधी ठेवले यावरून नंतर पुन्हा भांडण झाले. त्या भांडणात दोघे एका पंगतीत, पाटाला पाट लावून जेवले आणि जिलबीच्या ताटावर बोटाने हत्तीची सोंड कोणत्या अंगाला वळवायची ते एकमेकांना दाखवीत बसले. मुहूर्त साधला. अक्षता पडल्या. विनोदिनी धारला सुखात आहे. सासरे येणाऱ्या-जाणाऱ्याला सुनेच्या बापाची ओळख "आमचे चित्रकार" अशी करून देतात. घड्याळजी कोणी म्हणत नाही. मला चालते.

सौ. मामींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. लोभ आहेच, तो या पत्राने वाढला असावा.

आपला आज्ञांकित भाचा
नीलकंठ

ता. क. भिंतीला खालच्या अंगाने ओल येते. चुना नासायच्या आत पन्हळ दुरुस्त करायला हवे. गणपतीवर मी काचेचे झाकण बसवणार आहे, जुन्या घड्याळाचे आहे माझ्याजवळ, आपल्याला खर्च नाही.

ता. क. दुसरा. यमुना म्हणते की मी काही गोष्टी वाढवून लिहिल्या असतील. वरमाई रुसल्या नव्हत्या, नुसत्या दमल्या होत्या, असे तिचे म्हणणे. ती त्या वेळी आत भात बघत होती.

ता. क. तिसरा, आणि खरे म्हणजे हे पत्र यासाठीच लिहायला घेतले. आपण चैत्रात लिहिले होते की देवासचे घर आता विकायचे, सहा हजारांपर्यंत गिऱ्हाईक बघ. मी मनापासून बघत होतो. पण मामा, विकत घेणारा पहिल्यांदा काय करील? सफेदी. तेव्हा माझी हात जोडून विनंती आहे, घर विकू नये. निदान ही भिंत पक्की होईतो, आणि चुना पक्का व्हायला वर्षे लागतात. तोवर आम्ही राखण म्हणून इथेच राहतो. आपण रागावणार नाही अशी खात्री असल्यामुळे पुढचेही सांगून टाकतो. लग्नाला भैयासाहेब जहागीरदार आले होते. त्यांनी भिंगातून पाहिले, तीनदा पाहिले, आणि तेवढी भिंत कापून इंदूरच्या बंगल्यात न्यायची म्हणून किंमत विचारली. मी म्हणालो, भिंत माझी नाही, मामांची आहे. तर म्हणाले, मग मामांचे घरच द्या, भिंतीसकट, रोख. गणपतीला करवत लागू द्यायची नाही, हा माझा निर्धार. मी आपल्या वतीने त्यांना तिथल्या तिथे, पानसुपारी देऊन, स्वच्छ नाही म्हणून सांगितले. ते अकरा हजार देत होते.